कॉम्प्युटर सारखा क्रॅश होत होता, तेव्हा मी मेमरी डम्प वाचायला शिकले

फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी माझ्या कामाच्या डेस्कटॉपवर निळी स्क्रीन यायला लागली. कधी दिवसभर काही नाही, तर कधी सकाळी मशीन सुरू केल्या केल्या. मी पुस्तकांची पानं लावण्याचं काम करते, प्रोग्रॅमिंगशी माझा काही संबंध नाही. ज्याला त्याला विचारलं आणि सगळीकडून एकच सल्ला मिळाला: फॉरमॅट मार. पण फॉरमॅट म्हणजे सगळे फॉन्ट, सॉफ्टवेअरची सगळी लायसन्सं, सगळी सेटिंग्ज पुन्हा पहिल्यापासून. आणि दोष हार्डवेअरमध्ये असेल तर एवढं करूनही तो जागचा हलणार नाही. त्यामुळे कारण कळल्याशिवाय काही पुसायचं नाही, असं ठरवलं. जून उजाडेपर्यंत हे प्रकरण चाललं. त्यातलं जे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल ते इथे लिहून ठेवते.

सुरुवातीची अडचण अशी की निळी स्क्रीन वाचायच्या आतच मशीन रीस्टार्ट व्हायचं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब आहे, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ची सेटिंग्ज आहेत. तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढली की स्क्रीन थांबून राहते. मग मोबाइलने फोटो काढता येतो. माझ्या स्क्रीनवर क्यूआर कोडही होता, पण तो स्कॅन केल्यावर मदतीचं सर्वसाधारण पान उघडायचं, माझ्या मशीनबद्दल त्यात काही नसायचं. फोटोत हवा असतो तो स्टॉप कोड, म्हणजे क्रॅशच्या प्रकाराचं नाव. माझ्या पहिल्या फोटोत होतं ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. हे नाव इंटरनेटवर शोधलं तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपासून (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवू देणारं सॉफ्टवेअर) अँटिव्हायरसपर्यंत सगळ्यांवर संशय घेतलेला सापडतो. नुसत्या कोडवरून कारण कळत नाही. ते शोधायला डम्प लागतो, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नक्कल असलेली फाइल.

ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये असते. छोटे डम्प ‘मिनिडम्प’ फोल्डरमध्ये जातात आणि मोठा ‘मेमरी डॉट डीएमपी’ या नावाने तिथेच बाहेर पडतो. माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ‘सिस्टिम’च्या लॉगमध्ये प्रत्येक क्रॅशनंतर कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची लाल नोंद होती. ती बघून बरेच जण थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. पण मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. का बंद पडलं, हे तिलाही माहीत नसतं. मला धागा मिळाला तो ‘व्हॉलमगर’ या नावाखालच्या ४६ क्रमांकाच्या नोंदीत. क्रॅश डम्पची तयारीच होऊ शकली नाही, असं तिथे लिहिलं होतं. कारण मशीन जोडून देणाऱ्याने एसएसडीवर जागा वाचावी म्हणून पेज फाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, पूर्ण बंद ठेवली होती.

पेज फाइलचा इथे काय संबंध, हे समजून घेण्यासारखं आहे. क्रॅश होतो तेव्हा विंडोजला स्वतःच्याच फाइल सिस्टिमवर भरवसा ठेवता येत नाही, कारण बिघाड कदाचित तिथेच असेल. अशा वेळी नवी फाइल उघडून लिहायला गेलं तर डिस्कवरचा चांगला डेटाही खराब व्हायचा. म्हणून मेमरीतला मजकूर आधीच राखून ठेवलेल्या जागेत, म्हणजे पेज फाइलमध्ये, घाईघाईने ओतला जातो. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना तो तिथून काढून डम्पची फाइल बनते. पेज फाइलच नसेल तर ओतायला जागा नाही. मी ती ‘सिस्टिम मॅनेज्ड’ केली आणि रीस्टार्ट केलं.

डम्पचा प्रकारही तेव्हाच ठरवला. ‘स्मॉल’ अगदी लहान असतो, त्यात जेमतेम माहिती येते. ‘कम्प्लीट’मध्ये अख्खी रॅम उतरते, म्हणजे ती जेवढी असेल तेवढी जागा हवी. ‘कर्नल’मध्ये फक्त विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हर्सची मेमरी येते. विंडोज ८ पासून आपोआप निवडलेला असतो तो ‘ऑटोमॅटिक’. त्यातला मजकूर कर्नलसारखाच, फक्त पेज फाइलचा आकार विंडोज स्वतः सांभाळतं. मी ‘कर्नल’ निवडला आणि पुढे त्याचाच उपयोग झाला. या प्रकारातही सोबत एक मिनिडम्प तयार होतो, त्यामुळे हातचं काही जात नाही. दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी लागते. मोठी फाइल पुढच्या क्रॅशला स्वतःवरच लिहिली जाते, म्हणून प्रत्येक वेळी ती दुसरीकडे कॉपी करून तारखेचं नाव द्यायचं. आणि डिस्कवर २५ जीबीपेक्षा कमी जागा उरली तर विंडोज ती फाइल परस्पर काढून टाकू शकतं. हे थांबवण्याची खूण त्याच खिडकीत आहे. डिस्क साफ करणारी सॉफ्टवेअरंही डम्प उडवतात, तीही तेवढ्यापुरती बंद ठेवलेली बरी.

मग वाट बघणं आलं, आणि तेही क्रॅशची! हे सगळ्यात विचित्र वाटायचं. हातातलं काम दर काही मिनिटांनी सेव्ह करायचं, रात्री बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी काढायची आणि मनात मात्र इच्छा की एकदाचं पडू दे. १४ मार्चला दुपारी पडलं. निळ्या स्क्रीनवर टक्केवारी चढायला लागली. हे टक्के म्हणजे डम्प लिहून होण्याचे टक्के. शंभर होईपर्यंत पॉवरच्या बटणाला हात लावू नका. अर्ध्यावर मशीन बंद केलंत तर हाती काही लागत नाही. नंतर मशीन सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि फोल्डरमध्ये ०३१४२५ ने सुरू होणारी फाइल दिसली. या नावात महिना आधी, मग तारीख, मग वर्ष असा क्रम असतो.

वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘विनडीबीजी’ हा डीबगर, म्हणजे बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर, लागतो. तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर फुकट मिळतो. डम्प विंडोजच्या फोल्डरमधून थेट उघडायला गेलं तर परवानगी नाकारली जाते. आधी कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा आणि तिथून उघडायचा. उघडल्यावर बराच वेळ काही होत नाही असं वाटतं. त्या वेळात तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सिम्बॉल्स उतरवत असतो. सिम्बॉल्स म्हणजे मेमरीतला कुठला पत्ता कुठल्या फंक्शनचा, याची यादी. ती नसेल तर डीबगरचं बोलणं रस्त्यांना नावं नसलेल्या गावात पत्ता सांगितल्यासारखं होतं: अमक्या देवळापासून इतकी पावलं पुढे. नवा विनडीबीजी सहसा सर्व्हरचा पत्ता स्वतःच लावून घेतो. तरीही सिम्बॉल्स सापडत नाहीत असा इशारा आला तर ‘डॉट सिमफिक्स’ आणि मग ‘डॉट रीलोड’ या आज्ञा द्यायच्या. पहिल्यांदा इंटरनेट चांगलं हवं. एकदा उतरलेले सिम्बॉल्स डिस्कवर राहतात, पुढचे डम्प भराभर उघडतात.

यानंतरची मुख्य आज्ञा एकच: उद्गारचिन्ह, त्याला चिकटून ‘ॲनालाइझ’, मग जागा सोडून ‘वजा व्ही’. ती दिल्यावर स्क्रीनभर मजकूर येतो. तो पहिल्यांदा बघितला तेव्हा हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटून मी डीबगर बंद केला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला आणि ठरवलं की सगळं समजून घ्यायचं नाही, फक्त चार-पाच जागा बघायच्या. वरती स्टॉप कोड आणि त्याचे चार आकडे, म्हणजे पॅरामीटर्स. त्यांचा अर्थ शेजारीच दिलेला असतो. मग ‘प्रोसेस नेम’, म्हणजे त्या क्षणी कुठला प्रोग्रॅम चालू होता. मग ‘स्टॅक टेक्स्ट’, म्हणजे कुठल्या फंक्शनने पुढच्या कुठल्या फंक्शनला हाक मारली त्याची यादी. तो खालून वर वाचायचा, कारण सगळ्यात जुनी हाक खाली असते आणि क्रॅश वरच्या टोकाला. शेवटी ‘इमेज नेम’ आणि ‘फेल्युअर बकेट’, म्हणजे डीबगरच्या मते दोषी कोण.

माझ्या पहिल्या डम्पमध्ये दोषी ठरला ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. ‘एलएमव्हीएम’ या आज्ञेपुढे ड्रायव्हरचं नाव दिलं की त्याची आवृत्ती आणि बहुतेक वेळा तारीखही दिसते. ड्रायव्हर जुना होता. काढला, नवा घातला, आणि प्रश्न सुटला असं वाटलं. आठवडाभर शांतता होती. मग पुन्हा निळी स्क्रीन आली. या वेळी कोड ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, दोषी विंडोजचा स्वतःचा गाभा, प्रोसेस ब्राउझर. त्यानंतरच्या वेळी तिसरंच काहीतरी.

डम्प वाचताना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे: एक डम्प फक्त कॉम्प्युटर कुठे पडला ते सांगतो. का पडला, हे त्यात असेलच असं नाही. एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या मेमरीत काहीतरी लिहून ठेवलं आणि ते वाचताना हा दुसरा पडला, तर डम्पमध्ये नाव दुसऱ्याचं येतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, तेव्हाही हे दिसलं. डम्पमधला ९सी हा लहानसा पत्ता बघून हा रिकाम्या पॉइंटरचा, म्हणजे मेमरीचा पत्ताच न भरल्याचा, साधा दोष आहे, असं लोकांनी लगेच जाहीर करून टाकलं. पुढे कंपनीच्या अहवालात खरं कारण आलं: कोड २१ मूल्यांची अपेक्षा करत होता, त्याला २० च मिळाली होती आणि एकविसावं शोधताना तो हद्दीबाहेरची मेमरी वाचत होता. एका पत्त्यावरून हे कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणून मी एका वहीत रकाने आखले: तारीख, कोड, प्रोसेस, दोषी ठरलेली फाइल. प्रत्येक डम्पची एक ओळ. दर वेळी तोच ड्रायव्हर आला असता तर संशय पक्का झाला असता. माझ्या वहीत दोन ओळी सारख्या नव्हत्या. एकदा ग्राफिक्स, एकदा गाभा, एकदा फाइल सिस्टिम. कधी पानं लावताना, कधी मशीनवर काहीच चालू नसताना. इतक्या वेगवेगळ्या, एरवी नीट चालणाऱ्या गोष्टी एकाच वेळी बिघडत नाहीत. त्या सगळ्या जिच्यावर उभ्या असतात ती गोष्ट बिघडलेली असते. इथे रॅमचा संशय पहिल्यांदा आला.

पुरावा एप्रिलच्या सुरुवातीला मिळाला. कोड होता ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’, पण या वेळी दोषी म्हणून कुठल्याच फाइलचं नाव नव्हतं. ‘इमेज नेम’समोर ‘मेमरी करप्शन’ लिहिलं होतं आणि बकेटच्या नावात ‘वन बिट’. झालं असं होतं की डीबगरने एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या, ड्रायव्हरचा मेमरीतला कोड मायक्रोसॉफ्टकडच्या मूळ प्रतीशी ताडून बघितला होता. ही तपासणी ‘चेकइमेज’ नावाची आज्ञा करते. संपूर्ण ड्रायव्हरमध्ये एकच बाइट वेगळा निघाला. चौकटी कंसात लिहिलं होतं: ८बी, विसर्गचिन्ह, सीबी. म्हणजे असायला हवं होतं ८बी आणि होतं सीबी.

हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये, लिहिलेले असतात. हे दोन बाइट मी कागदावर बिट्समध्ये, म्हणजे शून्य आणि एकमध्ये, मांडले. ८बी म्हणजे १०००१०११. सीबी म्हणजे ११००१०११. डावीकडून दुसरा बिट शून्याचा एक झाला होता, बाकी सात जसेच्या तसे. पण प्रोसेसरच्या भाषेत ८बी म्हणजे मूल्य एका जागेवरून दुसरीकडे ने, आणि सीबी म्हणजे हे फंक्शन सोडून लांबच्या जागी परत जा. परत जायला तिथे जागाच नव्हती, म्हणून सगळं कोसळलं. सदोष ड्रायव्हर सहसा बाइटच्या बाइट खराब करतो, एकुलता एक बिट उलटणं ही रॅमची खूण मानतात. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये असा बिट आपोआप दुरुस्त होतो. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये ती सोय नसते. ही तपासणी कर्नल डम्पमुळे शक्य झाली, कारण मिनिडम्पमध्ये ड्रायव्हरचा एवढा कोड नसतोच. आणि पुष्कळ बाइट वेगळे दिसले तर मात्र लगेच रॅमवर जाऊ नका. सुरक्षेची सॉफ्टवेअरं आणि विंडोज स्वतःही चालू कोडमध्ये काही बदल करत असतात.

दोनच दिवसांनी ‘मेमरी मॅनेजमेंट’चा, म्हणजे १ए कोडचा डम्प आला. त्याचा पहिला पॅरामीटर होता ४१७९२, म्हणजे मेमरीच्या पानांच्या (विंडोज मेमरीचे जे तुकडे पाडतं त्यांच्या) नोंदीच्या तक्त्यातली एक नोंद खराब झाली आहे. तिसऱ्या पॅरामीटरमध्ये त्या नोंदीतली किंमत असते. ती रिकामी, म्हणजे शून्य असायला हवी होती. तिथे ४०००००००‌ होतं. सोळाच्या पायावरचा हा आकडा बिट्समध्ये मांडला तर त्यात एकच बिट चालू आहे, शून्यापासून मोजलं तर तिसावा.

मग मी आधीच्या डम्पकडे परत गेले. रॅम एका वेळी ६४ बिट, म्हणजे आठ बाइटची ओळ देते. खराब झालेल्या बाइटच्या पत्त्याचा शेवटचा अंक ३ होता. म्हणजे ओळीत त्याच्या आधी तीन बाइट, चोवीस बिट. आणि बाइटच्या आत उलटलेला बिट उजवीकडून, शून्यापासून मोजत, सहावा. चोवीस आणि सहा, तीस. तोच बिट! दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ठिकाणी, पण ओळीतल्या त्याच घरात. इतके दिवस डोक्यावर असलेलं ओझं त्या क्षणी उतरलं. कॉम्प्युटर अजून बिघडलेलाच होता, पण आता बिघाडाला ठावठिकाणा होता.

पुढचं काम रॅम तपासण्याचं. विंडोजमध्ये स्वतःची चाचणी आहे, ती माझ्या मशीनवर काही न सापडता संपली. म्हणून पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून मशीन त्यावरून सुरू केलं. त्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्याला माझ्याकडे अख्खी रात्र लागली. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या आणि खाली चुकलेल्या बिट्सचा मास्क, म्हणजे कुठले बिट चुकले ते दाखवणारा आकडा: ४०००००००. आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, रॅमचा वाढीव वेग, म्हणजे एक्सएमपी, बंद करून पुन्हा चाचणी घेतली, कारण कधी कधी दोष त्या वेगाचा असतो. चुका राहिल्याच. मग मशीन बंद करून, वायर काढून, एक एक स्टिक वेगळी तपासली. एका स्टिकवर चुका, दुसरी स्वच्छ. खराब स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, चुका तिच्याबरोबर तिकडे गेल्या. म्हणजे मदरबोर्डचा स्लॉट निर्दोष. ही शेवटची पायरी लोक गाळतात, पण वॉरंटीच्या वेळी तिचाच उपयोग होतो.

मधल्या काळात कुणी ड्रायव्हर व्हेरिफायर चालवायला सुचवलं होतं. ते ड्रायव्हर्सवर मुद्दाम ताण देऊन दोषी पकडतं, पण त्यामुळे मशीन सुरू होतानाच पुन्हा पुन्हा क्रॅश होऊ शकतं आणि सेफ मोडमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. सगळे डम्प एकाच ड्रायव्हरकडे बोट दाखवत असते तर मी ते केलं असतं.

रॅमवर वॉरंटी शिल्लक होती. कंपनीच्या अर्जात स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो, सीरियल नंबर, बिल आणि दोषाचं वर्णन मागितलं होतं. पहिलं उत्तर ठरलेलं आलं: बायॉस अपडेट करा, विंडोज पुन्हा टाका. मी मेमटेस्टच्या स्क्रीनचे फोटो आणि कुठली स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये कशी वागली याचा छोटा तक्ता पाठवला. त्यानंतर वाद झाला नाही, परतीचा क्रमांक मिळाला. तो खोक्याच्या बाहेर ठळक लिहावा लागतो, नाहीतर पार्सल स्वीकारत नाहीत. जोडी म्हणून विकलेल्या स्टिक्स दोन्ही परत मागतात, म्हणजे तेवढे दिवस मशीन बंद. हे आधी लक्षात घेऊन हातातलं पुस्तक छपाईला पाठवून मगच पार्सल केलं. पाठवणी स्वखर्चाने होती. मे महिना त्यातच गेला.

त्यांनी डम्पची फाइलही मागितली होती. मी मिनिडम्प दिला, कर्नल डम्प दिला नाही. कम्प्लीट डम्पमध्ये त्या क्षणी उघडी असलेली कागदपत्रं आणि पासवर्डसुद्धा असू शकतात. कर्नल डम्पमध्ये प्रोग्रॅम्सची मेमरी नसते, तरी फाइलींची नावं आणि नेटवर्कवरून आलेले तुकडे राहून जातात. अनोळखी माणसाला मदतीसाठी डम्प देताना मिनिडम्पपुरतंच थांबावं.

नवी जोडी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. बसवल्यावर विंडोज उघडण्याआधी तिच्यावरही रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही चूक नाही. मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ आणि ‘चेकडिस्क’ चालवून विंडोजच्या फाइली तपासल्या, काही खराब निघाल्या त्या दुरुस्त झाल्या. खराब रॅममधून जे डिस्कवर लिहिलं गेलं ते क्रॅश न होताही बिघडलेलं असू शकतं, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सेव्ह केलेली प्रत्येक फाइल मी उघडून बघते आहे. जानेवारीतल्या बॅकअपच्या प्रती तोवर पुसणार नाही. आतापर्यंत दोन चित्रं आणि एक झिप बिघडलेली सापडली, ती जुन्या बॅकअपमधून परत आणली. पेज फाइल चालू आहे, डम्पचं सेटिंग ‘कर्नल’वरच ठेवलंय.